चांदीच्या बाजेवरची राणी

माझ्या पहिल्या कादंबरीत सात नद्या होत्या. माणसं नंतर आली, राजा तर फारच उशिरा सुचला, आधी नद्या. जत तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावातून उठून मी सांगलीला शाळामास्तर झालो आणि थेट कृष्णेच्या काठी येऊन पडलो. शाळा सुटली की घाटावर बसायचं आणि उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर नकाशे काढायचे. डोंगर कुठे, नगरं कुठे, कोणती नदी कुणाच्या दारावरून जाते. हातात पेन्सिल असली की ब्रह्मदेवसुद्धा आपल्याकडे उमेदवारी करायला आलाय असं वाटायचं.

जादूलाही कायदा लागतो, नाहीतर सगळा पोरखेळ होतो, हे लिहिता लिहिता कळलं. माझा कायदा असा: मनापासून हाक मारली की नदी दारात येते, पण जाताना हाक मारणाऱ्याचं एक गाणं घेऊन जाते. ते गाणं त्याला पुन्हा आठवत नाही.

सुट्टीत गावी गेलो की लिहिलेलं आईला वाचून दाखवायचो. तिला अक्षरओळख नव्हती. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची. थोडी मेंढरं आणि दाराशी एक शेवगा, एवढाच तिचा संसार. सांगलीला चल म्हटलं की म्हणायची, "शेवग्याला पाणी कोण घालंल?" जसा काही शेवगा माझा धाकटा भाऊ. अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी ती जपून त्याच्या बुडाशी ओतायची.

गाण्याचा कायदा आला तसं तिने मला मध्येच थांबवलं.

"एका गाण्याला एक नदी?" ती म्हणाली. "सस्तंच हाय की रं. म्या जात्यावरच्या समद्या ओव्या दिल्या असत्या."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते आठवलं की जीव कासावीस होतो.

कादंबरी होत आली तेव्हा शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना वाचायला दिली. ते उंब्रजकडचे; घरचा ऊस, बारमाही पाणी, बोलणंही तसंच ऐसपैस. वाचून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसून ते पोट धरून हसले.

"अहो मास्तर, राजवाड्याच्या पायऱ्यांना नदी लागलीय, आणि तुमची महाराणी बाजेवर बसून अंघोळ करते? बाजेखाली परात कशाला ठेवलीय?"

"पाणी धरायला," मी म्हणालो. "झाडाला घालायला."

बोललो आणि माझं मलाच उमगलं. आमच्याकडे टंचाईत असंच करतात. बाजेवर बसायचं, खाली परात ठेवायची, सुंभातून गळेल ते पाणी झाडाला. मी फक्त बाज आणि परात चांदीची केली होती. सात नद्या पैदा करणाऱ्या माणसाच्या हातून तांब्याभर पाणी सांडत नव्हतं.

"नदीत उतरवा बाईंना," ते डोळे पुसत म्हणाले.

म्हणणं खरं होतं. मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. पण राणी नदीत उतरली की तिच्यातला जीवच जायचा. राणीचा चेहरा आईचा होता, आणि आईला भरपूर पाण्यात मी कधी पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं नाही ते परीकथेतसुद्धा लिहिता येत नाही, निदान मला तरी. मी ठरवलं, आईला सांगलीला आणायचं, घाटावर न्यायचं, पाण्यात उभं करायचं आणि मग ते पान लिहायचं. तोवर कादंबरी थांबेल.

ते साल बहात्तरचं. पाऊस आलाच नाही. मेंढरं चाऱ्यावाचून गेली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मी गेलो आणि हट्टाला पेटलो.

"नदी बघायला तरी चल."

"येती की. शेवग्याला शेंगा लागू देत. लेकाच्या घरी मोकळ्या हातानं यिऊ व्हय?"

शेंगा लागल्या नाहीत. उन्हाळ्यात तिला ताप भरला. निरोप मिळून मी पोचलो तोवर ती गेली होती.

टँकरचा भरवसा नव्हता आणि घरातला रांजण कोरडा होता. तिच्या शेवटच्या अंघोळीला पाणी कुठून आणायचं, या काळजीत मी दारात उभा होतो. तेवढ्यात गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. प्रत्येकीच्या कमरेवर घागर, आपापल्या घरच्या वाट्याची. कुणाला सांगावं लागलं नाही. आईला अंगणात पाटावर बसवलं आणि बायकांनी घागरीवर घागर ओतली. तिच्या केसांवरून, खांद्यांवरून पाणी धो धो वाहायला लागलं. आणि मी काय करावं? पळत घरात गेलो, परात आणली आणि वाकून पाटाच्या कडेला धरली.

कुणी हसलं नाही. चुलत्यांनी माझ्या हातातली परात काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "आज जाऊ दे वाया."

मी तिथेच मातीत बसून रडलो. पाणी अंगणातून शेवग्याकडे निघालं होतं, पण माती इतकी तहानलेली की ते तिथवर पोचलं नाही.

आईला भरपूर पाण्यात पाहायचं होतं, ते मी पाहिलं. आता राणीला नदीत उतरवता आलं असतं. सांगलीला परतल्यावर मी ते पान काढलं, बराच वेळ समोर धरलं आणि होतं तसं ठेवून दिलं. कादंबरीत राणी अजून बाजेवर बसूनच अंघोळ करते, आणि खाली परात आहे.