जड झालेलं नाव

नाव: वागियेम. आडनाव: नसते, रकाना रिकामा राहू नये म्हणून पुन्हा वागियेम. हुद्दा: पशुसंवर्धन कार्यालयातील लसीकरण सहायक, सेवानिवृत्त. पात्रता: कोंबडीच्या डोळ्यात लसीचा एक थेंब टाकणे. कार्यक्षेत्र: जावा बेटावरील सोलो शहरातील नदीकाठची कालीवारू वस्ती, मांजरे अंदाजे चाळीस. शेरा: सदर व्यक्तीस मांजरांवर उपचार करण्याचा कोणताही अधिकार नाही.

हा शेरा वस्तीत कोणी वाचलेला नव्हता. जी बाई कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकते तिला मांजर काय अवघड, असं लोकांचं साधं गणित. वागियेमही शिकत गेली. मांजर सारखं डोकं झटकतंय आणि कानात कॉफीचा गाळ साचल्यासारखं काळं दिसतंय, तर कानात कीड. शेपटीखाली भाताची शितं चिकटलीत, तर पोटात जंत. मालक म्हणतो "काहीच खात नाही", तर आधी शेजारच्या तीन घरांत चौकशी. बहुतेक वेळा तिथे जेवण झालेलं असतं.

गुरुवारी दुपारी पाक दार्योनो, म्हणजे दार्योनोकाका, घाईघाईने आला. निवृत्त बस ड्रायव्हर. त्याच्या घराण्यातलं कोणी राजवाड्याच्या फाटकापलीकडे गेलं नव्हतं, पण आपल्या तांबूस बोक्याचं नाव त्याने दरबारी थाटात ठेवलं होतं कांजेंग राडेन सेनोपाती निंग्रात. पुरती हाक मारून होईपर्यंत मासा गार व्हायचा.

"बु वागियेम, जरा येता का? कांजेंगला बद्धकोष्ठ झालंय. सकाळपासून दहा वेळा वाळूत जाऊन बसला. पपई दिली, तोंड लावलं नाही."

"बोका पपई खात नाही, पाक."

"आई म्हणते, खरं कारण वेगळंच आहे. नाव जड झालंय त्याला."

लहान मूल सारखं आजारी पडलं की जावात औषधाआधी नाव बदलतात. हलकंसं नाव, तांबडी-पांढरी गोड पेज, चार शेजारी, आणि मूल बरं. बोक्यासाठी हे कोणी केल्याचं वागियेमला आठवत नव्हतं, पण तितक्या जड नावाचा बोकाही तिला आठवत नव्हता.

घरी पेज रटरटत होती. दार्योनोची चौऱ्याऐंशी वर्षांची आई, वस्तीची म्बाह म्हणजे आजी सामिन्तेन, ढवळत बसली होती. बोका वाळूत दबून बसला होता आणि कण्हत होता. वागियेमने वाळूत बोटं घातली.

"ही कधी बदललीत?"

"काल सकाळी! एक थेंब नाही बघा. किती स्वच्छ जनावर!" दार्योनोने छाती फुगवली.

तिने बोक्याच्या पोटाला हलकेच हात लावला. संत्र्याएवढा टणक गोळा. हे बद्धकोष्ठ नव्हतं. मुताची वाट बंद झाली होती. असा बोका दीड-दोन दिवसांत मरतो, आणि एक दिवस तर संपलाच होता. दाबायची सोय नाही, आत फुटेल. नळी घालायला डॉक्टरच हवा, आणि बाजारापाशी असलेला डॉक्टर रत्री यांचा दवाखाना पाचला बंद होत असे. चार वाजत आले होते.

"शेजारी येतील, पेज निवेल, नाव ठेवू," म्बाह म्हणाली. "मग कुठं न्यायचं तिकडं न्या."

सोलोत वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणत नाहीत. 'हो'चेच तीन प्रकार आहेत आणि तिसऱ्याचा अर्थ 'नाही' होतो. वागियेमने तिसरा वापरून पाहिला. म्हातारीने तो पहिला समजून मान डोलावली.

वागियेमने दुसरी वाट धरली.

"म्बाह, तुमचं बरोबर आहे. नाव जडच झालंय. पण आता ते नुसतं अंगावर नाही, आत उतरून अडकलंय. हात लावून बघा. हळू."

म्हातारीने हात ठेवला. "अगंबाई! एवढं मोठं?"

"कांजेंग राडेन सेनोपाती निंग्रात. लहान कसं असेल?"

"मग गं?"

"अडकलेलं नाव पेजेनं सुटत नाही. त्याला डॉक्टरची नळी लागते. आधी हे बाहेर येऊ दे, मग नवं ठेवा. आत्ता ठेवलंत तर आत दोन होतील."

"दोन!" म्हातारीने चुलीतली लाकडं ओढली. "दार्योनो, खांबासारखा उभा काय राहिलास? तेव्हाच सांगत होते, राजवाड्याची नावं आपल्या घरात मावत नाहीत!"

मोटारसायकलवर पुढे दार्योनो, मध्ये मासळीच्या टोपलीत बोका, मागे वागियेम. म्हातारी पेजेचं पातेलं घेऊन सायकलरिक्षाने मागून निघाली. नाव बाहेर आल्यावर उगाच उशीर नको.

दवाखान्यात डॉक्टर रत्री कुलूप शोधत होत्या. त्यांनी कार्ड काढलं. "पेशंटचं नाव?"

दार्योनोने वागियेमकडे पाहिलं.

"अजून आत आहे," वागियेम म्हणाली.

डॉक्टरांनी बोक्याचं पोट चाचपलं आणि कुलूप टेबलावर ठेवलं. पुढचा बराच वेळ दार्योनो भिंतीवरचं जंतांचं चित्र वाचत राहिला. कार्डावर निदान पडलं: मूत्रमार्गातील अवरोध, कार्यवाही: भूल देऊन नलिका घालणे व अवरोध दूर करणे.

पावणेसहा वाजता बोका मुतला.