चौकशीबाईचे तीन रविवार

आमच्या चौकशीबाईला गप्प बसलेलं पाहिलेला माणूस गावात शोधून सापडला नसता. नाव तिचं रोझी, पण पंधराव्या वर्षापर्यंत ते फक्त शाळेच्या हजेरीपटात उरलं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर स्वर्गातल्या बागेचं वर्णन करत होत्या, तर ही उठून म्हणते, "सिस्टर, त्या बागेला पाणी कोण लावतं?" वसईच्या वाडीत जन्मलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार!

अशी ही बया पास्कूला मात्र कधी काही विचारायची नाही. पास्कू आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, सायकलला केळीचे घड बांधून माणिकपूरच्या बाजारात नेणारा. तो दिसला की हिच्या तोंडाला कुलूप. मीही काही कमी चोंबडी नव्हते. पाणी कुठे मुरतंय ते मला लगेच कळलं. विचारलं तर म्हणाली, "हो, आवडतो. त्यालाही मी आवडते. पुढे?" पुढे काय, मीच लाजले.

आणि चार महिन्यांत गावातल्या मोठ्यांनी हिच्या विधवा आईचं लग्न ठरवलं, पास्कूच्या विधुर बापाशी! पास्कू तर बापापुढे मान वर करायचा नाही. म्हणजे बोललं तर हीच बोलणार.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिल्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर ही थेट फादरांपुढे उभी. "फादर, आईबापांचं लग्न झाल्यावर त्यांच्या आधीच्या मुलांचं एकमेकांशी होतं का?" फादरांना वाटलं, नेहमीचाच एक प्रश्न. "बाई गं, तू आधी दहावी हो," म्हणाले आणि हसत निघून गेले. दुसऱ्या रविवारी ती कुणालाच काही विचारेना. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तिसऱ्या रविवारी मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, ऊठ ना! आज नाही बोललीस तर संपलं."

"गप. आयकडे बघ."

सहा वर्षं काळ्या साडीत पाहिलेली तिची आई हिरवी साडी नेसून पुढे बसली होती, आणि पास्कूची चार वर्षांची बहीण तिच्या मांडीवर झोपली होती.

"ती पोर काल आयला मम्मी म्हणाली," चौकशीबाई कुजबुजली. "आता मी कुठल्या तोंडाने उठू?"

ती उठली नाही. मला रडू आलं, तिला नाही.

लग्न झालं. ती आईबरोबर पास्कूच्या घरी राहायला गेली. सोमवारी शाळेत आली ती माझ्या बाकावर बसलीच नाही. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "अगं, मी कुणाला सांगणार नाही, देवाशपथ!"

"ठाऊक आहे मला. पण आता रोज त्याच्याच घरात जेवायचंय, भांडायचंय. मी विसरायला बघते, आणि तू माझ्याकडे बघितलंस की मला सगळं आठवतं."

दहावीपर्यंत ती पुढच्याच बाकावर बसली. एवढी जिवाची मैत्रीण गेली माझी, पण तिचं चुकलं असं म्हणायला जीभ आजही रेटत नाही.