जास्तीची खुर्ची

आमच्या ऑफिसातले शिपाईमामा प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घालतात. माझी रत्नागिरीहून चंद्रपूरला बदली झाली, तेव्हा सामान बांधायला घरी आले आणि माझ्या मिसळणाच्या डब्यावरही नंबर घालून गेले.

चार्ज देताना मात्र घोळ झाला. रजिस्टरात खुर्च्या अकरा, ऑफिसात बारा. मामांनी तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदा तर प्रत्येकीवर बसून.

"एक जास्तच आहे ना? असू दे," मी म्हटलं.

"कमी भरली असती तर मोडली म्हणून लिहिलं असतं हो. जास्तीचं काय लिहू? खुर्ची व्याली?"

माझी सही अडली. घराखाली टेम्पो भरून उभा. दुपारी मामा घामाघूम होऊन आले. "जुळलं, मॅडम." मी मोजल्या, खरंच अकरा. सही केली.

निरोप घ्यायला मी ऑफिसच्या दाराशी आले, तर एरवी तिथेच बसलेले मामा उभे.

"बसा ना, मामा."

"कशावर? बिननंबरची तेवढी माझी बसायचीच होती. तुमच्या टेम्पोत बांधलीय, गाद्यांच्या मागे."

"अहो, घरी तरी न्यायची!"

"घरी नेली तर चोरी, मॅडम. तुमच्याबरोबर गेली म्हणजे बदली."