चंद्राबाई आणि घुमणारी कॅसेट

चंद्राबाईच्या घरात देव नव्हता. तो पुन्हा शिरू नये म्हणून ती बेचाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती. तानशाजवळच्या या गावात ती नवी सून म्हणून आली, तेव्हा सासऱ्याच्या अंगात यायचं. पोटातून घोगरं गुरगुरत तो घुमायचा आणि कोंबडं मागायचा. सत्तावन्न साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देवांचे टाक चंद्राबाईनंच ओढ्यात सोडले. तेव्हापासून शेजारणीनं लाडू दिला तरी ती आधी विचारी, "कुठल्या देवाचा गो?"

नव्याण्णव साली एका रविवारी दुपारी ती नाचणी पाखडत होती. आतल्या खोलीतून तेच गुरगुरणं आलं.

तिनं दार ढकललं. धाकटा मुलगा नरेंद्र, आसनगावच्या कारखान्यात मशीनवर असणारा, डोळे मिटून मान हलवत टेपरेकॉर्डरबरोबर गुरगुरत होता. कॅसेटच्या वेष्टनावर कवट्यांचा ढीग.

"कवापासून येतं तुझ्या अंगात?"

नरेंद्र दचकला. "आये, गाणं हाय हे! डेथ मेटल म्हनतात, असं गुरगुरूनच गातात. गोऱ्यांचा जुना बँड, नवा अल्बम काढलाय. बाकीचे बदलले, हे नाय बदलले."

"जुनंच दैवत खोडीचं असतं. मागतो काय तो? कोंबडं का बकरं?"

"काय नाय मागत."

"मागायचं नाय तर एवढा वरडतो कशाला?"

नरेंद्रनं कॅसेटच्या डबीतला गाण्यांचा कागद उलगडून तिला मराठीत सांगितलं. गावात साथ आली, प्रेतं सडली, पुजारी देवाला हाका मारतोय.

"मग?"

"कोनच येत नाय."

हे चंद्राबाईला पटलं; आवाज पटेना. "दुसरी बाजू लाव," म्हणत ती उंबऱ्यावर बसली. शेवटच्या गाण्यापर्यंत कुणी काही मागितलं नाही. पण पोराचं काय?

"आता त्रिसरण, पंचशील म्हन. तुझ्या आवाजात. अंगात कोन असंल तर जीभ वळायची नाय."

"आये, ही तर भगतगिरीच झाली की!"

"म्हन, म्हनते ना."

त्यानं हात जोडले. तिसऱ्या शीलाला घसा खरखरला, शब्द अडकला. चंद्राबाईचा चेहरा उतरला. नरेंद्र खाकरून पाणी प्यायला आणि त्यानं पाचही शीलं पुरी केली. शेवटचा शब्द होईस्तोवर तिनं त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही.

"तू साफ हायस," ती म्हणाली. मग टेपकडे पाहिलं. "ह्याचं नाय सांगता येत. ऐक, पन दार उघडं ठेवून."