भरताच्या चित्रातल्या चपला

रखमाजी पेंटरला माणसं आवडत नसत असं नाही. माणसं त्याला जरा जास्तच स्पष्ट दिसत, आणि मग तो नाक मुरडी. वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकच्या फळ्या, खताच्या दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती ही कामं तो पोटासाठी करी आणि करता करता त्यांना नावं ठेवी. त्याचा जीव देवळांच्या भिंतींत होता. जांबच्या राममंदिरात जाऊन तो रामायणाची पोथी मन लावून ऐके. ती रंगवताना मात्र कुणाचंच ऐकत नसे.

कॅलेंडरवरचे देव त्याच्या लेखी लग्नाला निघालेले नवरदेव होते. एका गावात त्यानं सीतेच्या दारी भिक्षा मागणारा रावण इतका सोज्वळ, इतका कनवाळू काढला, की बायका त्याला हळदकुंकू वाहू लागल्या. पंच धावत आले. रखमाजीनं त्यांनाच विचारलं, रावण रावणासारखा दिसला असता तर सीतामाई रेघ ओलांडून बाहेर आली असती का? पंचांनी माना डोलावल्या आणि चित्राखाली ठळक अक्षरांत 'रावण' लिहून घेतलं. पुढं बरेच दिवस त्या अक्षरांवरही कुंकू पडत राहिलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत शेजारच्या गावानं राममंदिराचा सभामंडप रंगवायला दिला. तिथली रीत अशी, की भिंतीचा एकेक चौकोन एकेका घराण्यानं द्यायचा. खाली देणाराचं नाव, आणि त्याची हौस असेल तर चित्रातल्या कुणाला तरी त्याचा चेहरा. त्यामुळे वानरसेनेत जागाच जागा होती, आणि दशरथाच्या दरबारात उभं राहायला ठाव नव्हता. लंकेच्या बाजूला तर कुणी फिरकलंच नाही.

मंदिर कमिटीचे अध्यक्ष साहेबराव यांनी भरत मागितला. राज्य हाती आलेलं असताना भरतानं गादीवर रामाच्या पादुका ठेवल्या आणि स्वतः खाली बसून कारभार केला, तो प्रसंग. भरताला चेहरा अर्थात साहेबरावांचा.

रखमाजी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. साहेबरावांचा थोरला भाऊ कडूबा लहानपणी झाडावरून पडून उजव्या पायानं अधू झालेला. बाप गेल्यावर साहेबरावांनी मोसंबीची बाग, विहीर आणि राहतं घर आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतलं. कडूबा भांडला नाही. अंकुशनगरला कारखान्याच्या वस्तीत खोली घेऊन उसाच्या गाड्या रांगेत लावून घ्यायच्या कामाला लागला. गावी यायचा तो रामनवमीला, देवळापर्यंत. स्वतःच्या घराच्या बोळात शिरायचा नाही. जाता-येता रखमाजीच्या दुकानात चहा घ्यायचा; दोघं एका शाळेत शिकलेले.

घरी येऊन रखमाजीनं बायकोपुढं, गोजरबाईपुढं, तोंड सोडलं. ह्या माणसाला भरत काढायचा म्हणजे बोक्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची, असं बरंच काही तो बोलला. गोजरबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"मंग काढा की," ती म्हणाली. "त्याला भरत व्हायचंय तर होऊ द्या. पोथीत हाय ते बराबर काढा म्हंजे झालं."

रखमाजी हसला. ते हसू गोजरबाईला आवडलं नाही.

रामनवमीपर्यंत त्यानं तो चौकोन सतरंजीनं झाकून ठेवला. जन्मोत्सव झाला, सुंठवडा वाटला, आणि सतरंजी खाली आली. साहेबराव हुबेहूब होते. मऊ हनुवटी, बोटात अंगठी, डोळ्याच्या कडेला एक थेंबसुद्धा. पुढं सोन्याचं सिंहासन, मखमली गादी, आणि गादीवर टायरच्या तळाच्या जुन्या चपला. एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. उजवीची बाहेरची कड फरफटून अर्धी झिजलेली. कुणाच्या त्या, हे पंचक्रोशीत कुणाला सांगायची गरज नव्हती. मागच्या रांगेतून खसखस पिकली.

साहेबरावांनी दबक्या आवाजात विचारलं, हा काय प्रकार आहे.

"पोथीत थोरल्या भावाच्या पादुका सांगितल्यात," रखमाजी म्हणाला. "मी तुमच्या थोरल्याच्या काढल्या. दुसऱ्याच्या कशा काढू?"

साहेबरावांनी सोन्याच्या खडावा काढायला फर्मावलं. रखमाजीनं ब्रश त्यांच्यापुढं धरला आणि हवं तर तुम्हीच पुसा म्हणाला. रामाच्या देवळात, भर गर्दीत, भावाच्या चपला पुसायचं धाडस कुणाला होणार? चित्र राहिलं. आसपासच्या गावची माणसं ते बघायला येऊ लागली. रखमाजी ते दिवस छाती काढून हिंडला.

अशातच कडूबा दुकानात आला. चहा सांगितला तर नको म्हणाला. बाकावर बसून त्यानं पाय आत ओढून घेतले. पायात नव्या चपला होत्या.

"गाडीवान माझ्या पायाकडं बघून राह्यलेत," तो म्हणाला. "देवळातला देव आला म्हणतेत."

रखमाजी म्हणाला, पण लोक साहेबरावाला हसतात.

"त्याला काय होतं? त्याचं तोंड सोन्याच्या गादीपुढं हाय. तू त्याचं हसं करायला गेल्तास, हसं झालं माझ्या पायाचं. पुसून टाक, रखमाजी."

"मंग त्याच्या मनासारखं होईल."

"होऊ दे. माझ्याबी मनासारखं होईल."

त्या चपलेची तार न तार रखमाजीनं पाहून ठेवली होती. ती घालणारा मात्र रोज रांगेतून कसा चालत जात असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं देवळात जाऊन चपलांवर मखमलीचा रंग चढवला. खडावा काढल्या नाहीत. गादी रिकामी ठेवली, आणि भरत रिकाम्या गादीला हात जोडून बसला.

साहेबराव खूश झाले. पेंटर नरमला असं त्यांनी चारचौघांत सांगितलं, आणि रिकामी गादी आपल्यासाठीच मोकळी ठेवलीय अशी स्वतःची समजूत करून घेतली. अंबडहून फोटोग्राफर आणून त्यांनी चित्राचा फोटो बैठकीत लावला. पाहुण्यांना ते अजून कौतुकानं दाखवतात, आणि पाहुणे खाली बघून चहा पितात.

पुढच्या रामनवमीला कडूबा त्या चौकोनापुढं बराच वेळ उभा होता. मग दुकानात येऊन त्यानं चहा घेतला.

त्यानंतर रखमाजीनं पुष्कळ देवळं रंगवली. नाक मुरडणं काही सुटलं नाही. चेहरे पूर्वीसारखेच निर्दयपणे हुबेहूब काढी. पाय मात्र, राम असो की वानर, कुणाचे धोतराच्या घोळात, कुणाचे गवतात, कुणाचे शरयूच्या पाण्यात बुडवून टाकी. लोक म्हणत, रखमाजीला सगळं जमतं, पाय तेवढे जमत नाहीत. असलं बोलणाऱ्याला त्यानं एरवी पळता भुई थोडी केली असती. हे तो ऐकून घेई.