भरलेल्या गाडीची चाकं

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, "मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला दिवा चमकला की दाबायचं." मिस्त्री श्वास रोखून बसले. चार-पाच दिवे चमकले, त्यांनी दाबलं. मग बराच वेळ काहीच चमकलं नाही. शेवटी त्यांनीच मान बाहेर काढून विचारलं, "बाई, याचा फ्यूज बघू का? दोन मिनिटांचं काम आहे."

फ्यूज यंत्राचा गेला नव्हता. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या कडा गुपचूप खाल्ल्या होत्या. समोरचं लख्ख दिसत होतं म्हणून मिस्त्रींना त्याचा पत्ताच लागला नव्हता. लायसन्सची मुदत सहा आठवड्यांत संपत होती आणि नव्या अर्जावर सही करायला डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. तोवर चालवायचीच तर दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, आणि शेजारी धड डोळ्यांचं कुणीतरी बसलेलं असताना.

घरी येऊन बायकोला त्यांनी डोळ्यांचं नंतर सांगितलं. आधी म्हणाले, "सहा आठवड्यांत चाकं लागली पाहिजेत."

चाकं लागायची होती ती मागच्या अंगणातल्या गाडीला. मिस्त्रींचं आयुष्य बस डेपोत गेलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते दुखणं सांगत, आणि चुकत नसत. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघे चोळत बसतात. मिस्त्री एका बंद पडलेल्या कागद गिरणीचं भंगार बघायला गेले आणि कोंबड्यांनी घाण केलेली एक लांबलचक गाडी ओढत घरी घेऊन आले. तिला आता अकरा वर्षं झाली होती.

दिसायला ती अगदी संसारी गाडी होती. स्टेशन वॅगन, लांब पाठीची, मागे ट्रंका, गाद्या, पोरंबाळं काय वाटेल ते कोंबावं अशी. पण बॉनेट उघडलं आणि मिस्त्री कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. आत शर्यतीच्या गाडीचं इंजिन होतं. सहा सिलिंडर एका रांगेत, काठोकाठ बसवलेले, मध्ये करंगळी जाईल इतकीही जागा नाही. कंपनीनं असल्या गाड्या दोनच वर्षं काढल्या, त्याही जेमतेम काही शे. कुठल्या तरी वेड्या डोक्यात आलं असणार की चार मुलांच्या बापानंसुद्धा वाऱ्यासारखं जावं, आणि त्याच्या वरच्या साहेबानं चक्क हो म्हटलं असणार. मिस्त्रींना त्या दोघांचंही फार कौतुक वाटायचं. डेपोत त्यांनी साधी आरशाची जागा बदलायला सुचवली होती, तर तीन वर्षं कागद फिरत राहिला.

बायकोनं सुरुवातीला नाक मुरडलं. "माझ्या गुडघ्याला तेल लावायला वेळ नाही, हिच्या बिजागऱ्या मात्र न्हाऊनमाखून बसल्यात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण ती शिवणकाम करणारी बाई. फाटकी सीट किती दिवस नजरेआड करणार? आठ महिने खपून तिनं सगळ्या सीटा नव्यानं शिवल्या, आणि वर म्हणाली की शिंपिणीच्या दारात असलं लक्तर शोभत नाही, एवढंच.

तिसऱ्या वर्षी मागच्या चाकांवरच्या मडगार्डांचा रंग खरवडताना एक गोष्ट निघाली. पत्र्यावर हातोडीच्या खुणा होत्या. अपघाताच्या नव्हेत. साध्या गाडीचं मडगार्ड कारखान्यातच कुणीतरी हातानं ठोकून बाहेर फुगवलं होतं आणि आतली कड वर दुमडली होती, या गाडीची रुंद चाकं आत मावावीत म्हणून. मिस्त्रींनी बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली, बॅटरी घेऊन वाकली आणि दोन्ही बाजू तिनं नीट बघितल्या. टाके वाचायची सवय ती.

"ही दोन माणसं आहेत," ती म्हणाली. "इकडच्याला घाई होती. तिकडच्याला नव्हती."

खरंच होतं. एका बाजूला मोठे, लांब लांब घाव, दुसरीकडे बारीक, एकाला एक लागून. चाळीस वर्षांपूर्वीची दोन माणसं, नाव ना गाव, आणि त्यांचे हात अजून तिथे होते. मिस्त्रींना भरून आलं. त्या खुणा बुजवायला त्यांनी लांबीचा लेप भरला नाही, नुसता पातळ रंग दिला, हात फिरवला की लागाव्यात असा.

तर अशी ती गाडी सगळी तयार होती आणि चाकांपाशी अडली होती. मूळची चार चाकं माळ्यावर धड पडलेली होती. सोळा इंची, पाच भोकांची, करड्या रंगाची, दिसायला अगदीच गरीब. मिस्त्रींना ती डोळ्यांसमोर नको होती. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर नवरीला घरातल्या चपला घालायच्या का? टायरवाल्याकडे त्यांनी अठरा इंची बघून ठेवली होती, बारीक काड्यांची, चकाकती, रुंद. नुसती भिंतीला टेकवली तरी पळतायत असं वाटावं.

विरोध केला तो सुनेनं. सून बेकरीची व्हॅन चालवायची, रोज पहाटे पावाचे क्रेट भरून चाळीस दुकानं. मिस्त्रींचा स्वतःचा मुलगा बँकेत. त्याला टायर बदलायचा तर तो बायकोला फोन करी. मिस्त्रींना हे मनातून आवडायचं, पण व्हॅनवालीनं आपल्याला गाडी शिकवावी हे मात्र त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"बाबा, जुनीच लावा," ती म्हणाली. "नवी मडगार्डाला घासतील."

"दोन बोटं जागा आहे. मोजलीय मी."

"रिकाम्या गाडीत मोजलीय ना? रिकामी गाडी खोटं बोलते. माझी व्हॅन रिकामी असली की किती शहाण्यासारखी वागते."

"सूनबाई, ती व्हॅन आहे. पाव वाहते."

सून व्हॅनची किल्ली उचलून निघाली. पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची चारही जुनी चाकं अंगणात उतरवून, घासूनपुसून, ओळीनं उन्हात मांडलेली दिसली. मिस्त्रींनी तिकडे पाठ फिरवली.

नवी चाकं लागली. शेजारी कुणीतरी बसवायची डॉक्टरीणबाईंची अट सोयीस्करपणे विसरून मिस्त्री एकटेच एक फेरी मारून आले, तीन गल्ल्या आणि मागचा मोठा रस्ता. गाडी जरा हाडं मोजत होती, खड्ड्यावर टणकन उडत होती, पण आवाज काय तो! दोन माणसं सायकली थांबवून बघत राहिली. मिस्त्रींची छाती दोन इंच फुगली. रविवारी सगळ्यांना घेऊन जायचं ठरलं.

रविवारी मुलगा मागे बसला, त्याचंच वजन शंभरीला टेकलेलं. त्याच्या शेजारी मिस्त्रींची बायको, पुढे सून. डिकीत खाण्यापिण्याचे डबे, सतरंजी, पाण्याचा मोठा कॅन. कोपऱ्यावर गाडी वळली, थोडी कलली, आणि मागून करवतीसारखा आवाज आला. जळक्या रबराचा वास सुटला. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकले. टायरची कड फाटली होती. त्याहून वाईट म्हणजे त्या घाई नसलेल्या माणसानं दुमडलेली कड टायरनं ओढून खाली वाकवली होती, आणि रंगाच्या खपल्या पडून त्याचे बारीक घाव उघडे पडले होते.

अकरा वर्षांत त्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी कुणी बसलंच नव्हतं, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं. एकटा माणूस एकट्यानं काम करतो, एकट्यानं मोजतो, आणि स्वतःची दोन बोटं प्रमाण मानतो. पाच माणसं आणि सामान घेऊन पळायला केलेली गाडी त्यांनी रिकामी तपासली होती. डेपोत कुणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी चार लोकांत झाडलं असतं. ते रस्त्याच्या कडेला बसून राहिले. सून काही बोलली नाही. त्या न बोलण्याचे उपकार मिस्त्री विसरले नाहीत.

सहा आठवड्यांतले चार गेले होते. जुन्या चाकांच्या मापाचे टायर टायरवाल्याकडे नव्हते, बाहेरून मागवायचे तर पंधरवडा. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. तोवर ते वाकलेली कड सरळ करत बसले. लहान हातोडी घेतली, आतून लाकडी ठोकळा धरला आणि त्या अनोळखी माणसाच्या घावावर घाव घालायला लागले, आधी मोठे, मग आपोआप बारीक. घाई करायला सगळी कारणं होती आणि हात ऐकत नव्हता. बायको स्टूल टाकून बॅटरी धरून बसायची, कारण कडेला हातोडी कुठे पडतेय ते त्यांना दिसत नव्हतं. "जरा वर," ती सांगायची. "आता बरोबर." हाताखालच्या पत्र्यातून त्यांना त्या माणसाची चाल कळत गेली. आपण इतकी वर्षं लोखंडात घालवली तरी इतकं शांत काम आपल्याकडून कधी झालं नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं. नवऱ्याच्या तोंडून असलं काही तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिनं बॅटरी या हातातून त्या हातात घेतली आणि बघत राहिली.

टायर शेवटच्या दिवशी सकाळी आले.

दुपारी एकला सगळे बसले. या वेळी सुनेनं डिकीत पावाचे भरलेले सहा क्रेटसुद्धा ठेवायला लावले, आणि मिस्त्रींनी ते निमूट ठेवले. गाडी आपल्या स्प्रिंगांवर हळूच खाली बसली. करड्या गरीब चाकांवर ती पहिल्यांदाच मापात दिसली. आणि रस्त्याला लागताच मिस्त्री थक्क झाले. हाडं मोजणारी गाडी हीच का? खड्डे तिनं पोटात घेतले, वळणं अलगद कापली, मागून चकार शब्द नाही. जितकं ओझं तितकी ती शांत होत गेली. बनवणाऱ्यांनी तिला रिकामी कल्पिलीच नव्हती. अकरा वर्षं तिचा एकेक नट उघडून मिस्त्रींना जे कळलं नव्हतं, ते पाच मिनिटांत कळलं.

पुढे धरणाकडे जाणारा सरळ रस्ता होता, सुटीच्या दिवशीही भर दुपारी ओसाड असणारा. याच रस्त्यासाठी सगळा आटापिटा होता. तिला तिच्या खऱ्या वेगानं एकदा, आपल्या हातानं पळवायची. मिस्त्रींनी गिअर बदलला.

"बाबा, डावीकडे," सून म्हणाली.

डावीकडे एक बाई सायकलवर होती, मागे मुलगी बसलेली. सून बोलली तेव्हा ती पार दाराशी आली होती. मिस्त्रींनी हात सावरला, बाई निघून गेली, तिला काही कळलंही नाही. मिस्त्री आणखी थोडं पुढे गेले, गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरले.

"तू घे," ते म्हणाले.

"बाबा, मी बघत बसते ना बाजूला. तुम्ही चालवा. आजचाच दिवस आहे."

"माहितीये मला. तू घे, सूनबाई. भरलेली गाडी तुझ्या हातातली आहे."

मुलगा पुढे गेला, मिस्त्री मागे बायकोशेजारी बसले. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पुढे मोकळा रस्ता दिसल्यावर सुनेनं आरशातून एकदा विचारल्यासारखं बघितलं.

"तिसऱ्यात घे," मिस्त्री म्हणाले. "आता दाब."

सुनेनं दाबलं. सहाच्या सहा सिलिंडर एका दमात बोलले आणि माणसं, डबे, क्रेट, सतरंजी यांच्यासकट ती संसारी गाडी रस्त्यावरून सुटली. मुलाच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. बायकोनं मिस्त्रींचा हात घट्ट धरला, आणि घाबरून धरला असं त्यांना वाटलं तर ती हसत होती, लहान पोरीसारखी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस्त्रींनी डोळे मिटले. खाली, मडगार्डाखाली, चाक फिरत होतं आणि कुठेही काही लागत नव्हतं.

धरणापाशी गाडी थांबली तेव्हा चार वाजायचे होते. लायसन्स रात्री बारापर्यंत चालणार होतं. परत निघताना सुनेनं किल्ली पुढे केली. मिस्त्रींनी ती तिच्याच मुठीत बंद केली आणि मागचं दार उघडलं.