गळ्याचं औषध

आईला गळू झालं त्या वर्षी मी सरकारी नोकरी सोडली होती. सोडली कसली, लाथ मारली, असं मी तेव्हा छाती फुगवून सांगायचो. नोएडात रंगीत टीव्हीचा नवा कारखाना निघाला होता. पगार दुप्पट, खुर्ची फिरती. आता सगळं खुलं होतंय, मागे राहायचं नाही, असं आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत जो तो दुसऱ्याला बजावत होता. सोसायटीची लिफ्ट मात्र अजून बसायची होती. वडील गेल्यावर आईला पुण्याहून मीच आणलं होतं, चौथ्या मजल्यावर.

ती एका अंगावर कलून बसायला लागलीय, हे मला दिसलं नाही. बायकोला दिसलं. "आईंना विचारा जरा," ती म्हणाली. मी विचारलं. आई म्हणाली, "काही नाही रे, गळू झालंय." कुठे, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चाळिशीच्या मुलाने आईला असलं काही विचारायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

बायको शिक्षिका, तिची शाळा सातची, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आईला मार्केटमधल्या डॉक्टरकडे नेलं. त्याच कोपऱ्यावर माझी चार्टर्ड यायची, म्हणजे आम्ही नोएडावाल्यांनी मिळून महिन्यावर ठरवलेली बस. ती कुणासाठी थांबत नसे. मी आईला स्टुलावर बसवलं आणि दारातूनच म्हणालो, "डॉक्टरसाब, माँ को गलू हो गया है, ज़रा देख लीजिए." फोड़ा हा साधा हिंदी शब्द ऐनवेळी तोंडात आलाच नाही. इतकी वर्षं दिल्लीत घालवून! "अच्छा, गला," असं काहीसं तो पुटपुटला. माझं लक्ष रस्त्याकडे होतं.

संध्याकाळी टेबलावर गोळ्या आणि गुळण्यांचं औषध होतं. "दिलंय औषध," आई म्हणाली. गळवाला गुळण्या कशाला, असा प्रश्नही मला पडला नाही. गोळ्यांनी ठणका कमी झाला, आठवडाभर ती बरी होती. मग हुडहुडी भरून ताप आला आणि गळू आपलं आपणच फुटलं. तेव्हा बायकोने पाहिलं. गुदाच्या अगदी शेजारी होतं.

सर्जनने जुना कागद वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस. "इसमें तो गले का इलाज लिखा है." पू साचून राहिला, त्याने आतून वाट काढली, आता ही वाट आपोआप बुजायची नाही, असं त्याने समजावलं. भगंदर. वेळेवर चिरा दिला असता तरी काही जणांना होतंच, असंही तो म्हणाला. त्या एका वाक्याला मी पुढे कितीतरी दिवस चिकटून होतो.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी परकरावर पुन्हा ओला डाग. मग कुणीतरी यमुनेपलीकडचा एक आयुर्वेदिक दवाखाना सांगितला. तिथे त्या वाटेतून औषधी दोरा ओवायचे. तो आतून हळूहळू कापत आणि भरत यायचा, पण दर आठवड्याला बदलावा लागे. म्हणजे दर शनिवारी अर्धी रजा, चार जिने, रिक्षा, पूल, रांग. रबरी हवेच्या उशीवर बसून आई पुढचा दांडा घट्ट धरायची आणि गतिरोधक आला की डोळे मिटायची. आत दोरा बदलताना ती ओरडायची नाही, तिच्या बांगड्या तेवढ्या वाजायच्या. घरी आलं की टपात कोमट पाणी. हे चार महिने चाललं. मी इतका विटलो होतो की मला तिचाच राग यायचा. लिहिताना लाज वाटतेय, पण यायचा.

तिचं एकच म्हणणं असे, "एकदा मला नीट बसता येऊ दे. मी पुण्याला जाते, बहिणीकडे."

लोक भेटायला आले की मी त्या डॉक्टरची गोष्ट सांगायचो. "गळू कुठे आणि हा गाढव बॅटरी मारतोय कुठे!" लोक हसून हसून लोटपोट. आईसुद्धा 'आ' करून दाखवायची. तेवढीच त्या दिवसांतली करमणूक.

शेवटी दोरा एकदाचा गळून पडला. जखम भरली. पुण्याचं तिकीट काढलं. निजामुद्दीनला गाडीत चढल्यावर आईने बर्थवर चक्क मांडी घातली. वर्षभरात पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी समोरच्या मराठी जोडप्याला डॉक्टरची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बॅटरीपर्यंत आलो आणि आईकडे पाहिलं. तिने 'आ' केला नाही.

"पुरे आता," ती हळूच म्हणाली. "त्याचं काय चुकलं? फोड़ा म्हणतात, ते मला ठाऊक होतं. खाली इस्त्री करणाऱ्या प्रेसवालीच्या पायाला झाला होता ना."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. त्याने तोंड उघडा म्हटलं तेव्हा मी वळून पाहिलं. तू दारातच होतास, पण एक पाय पायरीखाली. तुझी बस भोंगा वाजवत होती. मी बोलले असते तर त्याने तुला परत आत बोलावलं असतं. म्हटलं, नवी नोकरी आहे पोराची."

आणि तिने पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला.

त्या सकाळचं मला अजून आठवतं. बस मला मिळाली होती. खिडकीजवळची जागा होती. नोएडा येईपर्यंत मी आरामात बसून गेलो होतो.